विहीणबाई, तुमचं वाक्य तपासते आहे

विहीणबाई,

तुम्ही गेलात असं सगळे सांगतात. मी स्वतः धुळ्याला आले, दाराशी चपलांचा ढीग पाहिला, दहाव्याला आले, बाराव्याला जेवले, तुमच्या फोटोवरचा वाकडा हार सरळ केला. तरी माझा पुरता भरवसा बसलेला नाही. सगळं जागच्या जागी दिसलं की आधी संशय घ्यावा, हे तुम्ही मला शिकवलंत असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? ते मला जन्मतःच येत होतं. तुम्ही फक्त त्याला काम दिलंत.

तुमचा लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. प्राजक्तानं, म्हणजे तुमच्या लेकीनं आणि माझ्या सुनेनं, तो बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावला आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "आई म्हणायची, यातलं अर्धं तुझ्या सासूबाईंचं आहे," एवढंच म्हणाली. झाकणावर हळदीचा डाग आहे. स्वयंपाकघरात लॅपटॉप कधी नेत नाही असं तुम्ही शपथेवर सांगायचात. सापडलात.

तुमचं शिक्षण, नोकरी, किती मुलांना कॉम्प्युटर शिकवलात, ते सगळं तुमच्या कॉलेजवाल्यांनी छान लिहिलं आहे. मला ते लिहायचं नाही. मी भांडायला बसले आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, आणि ते तुम्ही जिंकलात, तेही मी सांगेपर्यंत न थांबता. याला काय म्हणायचं?

आपली ओळखच संशयातून झाली. माझ्या निखिलच्या लग्नात मी वरमाई. वरमाई म्हणजे काय हे आताच्या पोरींना सांगून पटत नाही. दोन दिवस तिला कुणी 'नाही' म्हणायचं नसतं, आणि ती बया दोन दिवस कुणाला 'हो' म्हणत नाही. तुम्ही मानाची म्हणून जांभळी रेशमी साडी दिलीत. मी हसून घेतली आणि जानवसघरात जाऊन, खिडकीपाशी उभी राहून, पदराच्या सुताला काडी लावली. रेशीम जळताना केसासारखा वास येतो आणि नायलॉन असेल तर त्याची गोळी होते, एवढं ज्ञान त्या वरमाईला होतं. पण सूत आधी ओढून काढावं आणि मग जाळावं, एवढी अक्कल नव्हती. वास केसाचाच आला. साडी अस्सल निघाली. आणि पदराला हरभऱ्याएवढं भोक पडलं.

पुढे ती साडी मी कायम पदर आत मुडपून नेसले. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "छान दिसते तुम्हाला." आणि दर वेळी मी तुमच्या तोंडाकडे बघायचे, हिला कळलंय की काय.

आपली नात चारू सात वर्षांची असताना तिला तो लहान मुलांना होणारा मधुमेह निघाला. रोज बोटाला सुई टोचायची, रोज इन्सुलिन. तेव्हा तर आपला एकमेकींवरचा संशय अगदी भरात आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आईबरोबर तुमच्याकडे धुळ्याला यायची आणि साखर वाढवून परत यायची. मला वाटायचं, तुम्ही पुरणपोळी चारता. इकडून तुमच्याकडे पोचली की पहिल्याच दिवशी तिकडेही आकडा वर. तुम्हाला वाटायचं, मी केळी चारते. आता कबूल करायला हरकत नाही. मी केळी चारत होते. अर्धंच, पण चारत होते. पुरणपोळीचं तुमचं तुम्ही जाणा, माझा संशय अजून कायम आहे.

मग एका दुपारी तुम्ही जळगावला आलात. आल्या आल्या चहा नको म्हणालात, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. डॉक्टरांनी दिलेला तक्ता तुम्ही लॅपटॉपमध्ये उतरवला होता. मीटरवर आलेला साखरेचा आकडा घालायचा, ती काय खाणार ते घालायचं, की प्रोग्रॅम तक्त्याप्रमाणे सांगणार, इन्सुलिन किती, किंवा साखर फार उतरली असेल तर आधी काहीतरी गोड खा. फोनवरही उघडायचा. डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की वहीऐवजी वापरायला हरकत नाही, पण जरा शंका आली तर त्यांना फोन करायचा.

तुम्ही म्हणालात, "मी लिहिलंय. आता मला याच्यातली खोट काढणारं माणूस हवंय. जिनं रांधलं तिनंच मीठ बरोबर आहे म्हणायचं, हे चालणार नाही."

मी विचारलं, धुळ्यात कुणी मिळालं नाही का.

"मिळेल की. पण दहा वर्षं माझ्यावर मनापासून संशय घेणारी बाई मला एकच माहीत आहे."

मी रागवायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

आपला करार ठरला. प्रोग्रॅमची फाइल तुमची, तो तपासणाऱ्या टेस्टची फाइल माझी. मी तुमच्या फाइलीला हात लावायचा नाही, तुम्ही माझ्या. टेस्ट वेगळ्या फाइलीत कशाला, असं मी विचारलं, तर तुम्ही पडद्यावरची नजर न हलवता म्हणालात, "तपासताना मूळ वस्तू जळू नये म्हणून. सूत आधी काढून घ्यायचं असतं, विहीणबाई."

मी चहा करायला उठले आणि गॅससमोर उभी राहून, एवढी पिकलेली बाई, कानापर्यंत लाल झाले. दहा वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि दहा वर्षं तुम्ही साडी छान दिसते म्हणत होतात.

साध्या टेस्ट मला पटकन कळल्या. अमुक घातलं तर तमुक यायला हवं. आलं तर हिरवं, नाही तर लाल. पण मग तुम्ही ती दुसरी जात काढलीत. मुद्दाम अचरट आकडा घालायचा, आणि प्रोग्रॅमनं चूक म्हणून ओरडायला हवं. ओरडला तर टेस्ट पास. मी म्हटलं, हे कसलं तर्कट? चूक झाली की पास?

तुम्ही आखाजी काढलीत. आमच्या माहेरी, दोंडाईच्याजवळच्या खेड्यात, आखाजीला दोन गल्ल्यांतल्या बाया समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. गौराईची गाणी, झोके आणि शिव्या. त्या दिवशी कुणी कुणाचा राग धरत नाही. हे मी तुम्हाला कधीतरी सांगून बसले होते, आणि तेव्हापासून दर आखाजीला सकाळी तुमचा फोन यायचा. वर्षभर अहो-जाहो करणाऱ्या तुम्ही त्या एका दिवशी मला 'तू' म्हणायचात. "विहीन, तुनी जीभ शे का कातर?" अशी अहिराणीत सुरुवात व्हायची आणि पुढचं इथं लिहिता येत नाही. मीही काही कमी करत नव्हते.

"सांगा, आखाजीला माझी शिवी आली नाही तर काय समजाल?" तुम्ही विचारलंत.

समजायचं काय? एका वर्षी खरंच आली नव्हती. मी दहा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग पायात चप्पल घातली आणि कुणाला न सांगता धुळ्याची एस.टी. पकडली. पारोळ्यापर्यंत मनात नको नको ते येऊन गेलं. तुम्ही दार उघडलंत ते गळ्याला मफलर गुंडाळून. घसा पार बसलेला. मला पाहून तुम्ही आत गेलात, कागद आणलात आणि लिहून दाखवलंत, 'खादाड, पोळीचा वास जळगावपर्यंत आला का?' तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"तेच हे," तुम्ही म्हणालात. "ओरडणं ठरलेलं आहे. ते आलं नाही, म्हणजे बिघडलं."

मग मला कळलं, आणि नुसतं कळलं नाही, तर माझं आख्खं आयुष्य त्यात सापडलं. मी पाइपच्या कारखान्यात तपासणीला होते. रोज पाइपचा तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडांना टोपणं घट्ट बसवायची, आत पाणी भरून दाब वाढवत न्यायचा, आणि फुटायची वाट पाहायची. फुटलेल्या पाइपांवर आमचं पोट. मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला सांगितलं की नुसतं फुटून भागत नाही. पाइप मधोमध फुटला तर ती परीक्षा धरायची. टोपणापाशी फुटला तर धरायची नाही, कारण तिथं पाइप नाही फुटत, आपण टोपण वाकडं बसवलेलं असतं. तो तुकडा फेकून नवा लावायचा. तुम्ही हे इतकं लक्ष देऊन ऐकलंत की मला वाटलं, शिकवणारी मीच आहे. त्या वाक्याची मला आता इतकी लाज वाटते, की ते इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारण त्यानंतर महिन्याभरातच आपलं भांडण झालं.

साखरेचा आकडा शून्य कधी नसतो. शून्य घातलं, की प्रोग्रॅमनं उत्तर न देता अडायचं, अशी ओळ तुम्ही लिहिली होतीत. पायथनमध्ये, म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम लिहिलात त्या भाषेत, चुकांना नावं असतात. घातलेली किंमतच अशक्य असेल तर व्हॅल्यूएरर, द्यायचं ते दिलंच नसेल तर टाइपएरर. तुम्ही व्हॅल्यूएरर टाकली होती आणि तिच्यासोबत एक वाक्य, चारूसाठी. 'आधी हात धू, मग विचार.' पोरीची बोटं सदा चिकट. चिकट बोटाला सुई टोचली की मीटर भलतंच काहीतरी दाखवतो, हे तुम्हाला अनुभवानं माहीत होतं.

माझ्या टेस्टमध्ये मी नुसतं 'एक्सेप्शन' लिहिलं. म्हणजे कुठलीही चूक चालेल, चूक झाल्याशी मतलब. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "नाव घालून लिहा. व्हॅल्यूएररच आली पाहिजे. आणि माझं वाक्यसुद्धा तपासा."

मी म्हटलं, चूक ती चूक. एक्सेप्शन लिहिलं की सगळ्या त्याच्यात आल्या.

"जळगावला जायचंय, आणि स्टँडवर उभं राहून म्हणताय, कुठलीही गाडी आली की चालेल. शिंदखेड्याला उतराल."

"आणि तुमचं वाक्य कशाला तपासायचं? वर्षातून एकदा आखाजीला ऐकते, तेवढं पुरे आहे मला."

तुम्ही मग म्हणालात, "बरं. फाइल तुमची."

मी जिंकले असं समजून त्या संध्याकाळी प्राजक्ताला भजी करायला लावली. त्या बाईकडे, म्हणजे त्या वेळच्या माझ्याकडे, आता बघते तर वरमाईच दिसते. तीच, खिडकीपाशी काडी घेऊन उभी असलेली. वय वाढलं, काडीची जागा कीबोर्डनं घेतली, अक्कल होती तिथंच. आणि तुम्ही तेव्हा हट्ट का धरला नाहीत, हा माझा तुमच्यावरचा राग आहे. तुम्हाला दिसत होतं. साडीचं भोक दिसलं तेव्हाही गप्प, हे दिसलं तेव्हाही गप्प. माणसाचा मान राखायचा म्हणून किती गप्प बसायचं?

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तक्ता बदलला. सकाळचं प्रमाण वेगळं, दुपारचं वेगळं. तुम्ही प्रोग्रॅमचा तो भाग नव्यानं लिहिलात आणि मला फोनवर सांगितलंत की आता आकड्याबरोबर वेळही द्यावी लागेल. माझ्या टेस्ट नुसता आकडा देत होत्या, त्यामुळे एकजात लाल झाल्या. मी दोन दिवस बसून एकेक लाल टेस्ट दुरुस्त केली. एक मात्र लाल झालीच नव्हती. ती शून्याची. हिरवीगार. हिरव्याकडे कोण बघतं? मी तुम्हाला फोन केला आणि सगळं हिरवं आहे असं ऐटीत अहिराणीत सांगितलं, "बठ्ठं हिरवं शे."

"मग झालं," तुम्ही म्हणालात. "तुम्ही पाहिलंय ना, मग मी आता परत बघत नाही."

हे तुमचं वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. आता ते मला सोडत नाही.

या वर्षीच्या आखाजीला तुमची शिवी वेळेवर आली होती. आवाज खणखणीत होता. मी तपासला होता. म्हणून तर पुढच्याच आठवड्यात निखिल फोन कानाला लावून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, धुळ्याला निघावं लागेल," तेव्हा मी त्याला विचारलं, कुणी सांगितलं, नक्की कोण बोललं, तू स्वतः ऐकलंस का.

आता गेल्या आठवड्याचं सांगते, म्हणजे बाराव्यानंतरचं. दुपारची जेवायची वेळ. चारू मीटर घेऊन बसली होती. आकडा येण्याऐवजी मीटरवर 'हाय' अशी अक्षरं आली. म्हणजे साखर मीटरला मोजता येणार नाही इतकी वर. प्रोग्रॅमला तर आकडा पाहिजे. पोरगी अकरा वर्षांची, तिनं डोकं चालवलं. आकडा नाही म्हणजे शून्य, असं म्हणून तिनं शून्य घातलं. आणि आनंदानं मला फोन दाखवायला आली. "जळगावआजी, धुळेआजीचा प्रोग्रॅम म्हणतो, काहीतरी गोड खा."

मी फोनकडे पाहिलं, मग मीटरकडे पाहिलं. एक म्हणतो साखर मोजता येणार नाही इतकी जास्त, दुसरा म्हणतो गोड खा. पोरीच्या कपाळाला हात लावला. साखर उतरल्यावर येतो तसा घाम नाही, थरथर नाही. मग तिचे हात नाकाशी धरले. आंबा. सकाळपासून कोय चोखत बसली होती. हात घासून धुवायला लावले, पुन्हा टोचलं, आकडा नेहमीसारखा आला. डॉक्टरांनाही फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, काळजीचं काही नाही, बरं केलंत थांबवलंत.

पोरगी जेवायला बसली आणि मी तो फोन पुन्हा उघडून बघितला. या वेळी निव्वळ आंबा निघाला. पण खरंच साखर चढलेली असती, घरात मी नसते, आणि तुमच्या प्रोग्रॅमवर भरवसा ठेवून तिनं गूळ खाल्ला असता, तर?

शून्य घातल्यावर प्रोग्रॅमनं अडायला हवं होतं. तो अडला नाही. त्यानं शून्य म्हणजे साखर फार उतरली असं धरलं आणि गोड खायला सांगितलं. मग ती ओळ गेली कुठं?

माझा संशय तुमच्यावर आला. लगेच आला, लपवत नाही. मला वाटलं, आखाजीला पोरगी तुमच्याकडे होती, प्रोग्रॅम सारखा अडत असेल, तुम्ही त्या चार दिवसांपुरती ओळ काढली असेल आणि परत घालायला विसरला असाल. पुरणपोळीचा जुना खटला मी पुन्हा उघडला. आणि हे सगळं मी मनात ठेवायचं, तर प्राजक्तासमोर बोलून बसले. ती धुतलेली भांडी पुसत होती. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं.

"ती गेल्यावर तरी तिच्यावर संशय घेऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी तुमचा लॅपटॉप उघडला. तुमची फाइल फक्त वाचली, हात लावला नाही, करार करार आहे. ओळ खरंच नव्हती. सापडलात, असं मी म्हणणार, तेवढ्यात मनात आलं, ओळ नाही तर माझी टेस्ट काय करत होती? टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. शून्याचीसुद्धा. विहीणबाई, पाइपवर दाब वाढवत न्यावा आणि तो कितीही दाबाला फुटू नये, तेव्हा आनंद होत नाही, दाबाचा काटा बघायला धावावं लागतं. तसं झालं. प्रोग्रॅम अडत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझी टेस्ट सांगते, अडतो.

तुम्ही शिकवलेलं एक आठवलं. अशा टेस्टवर विश्वास बसत नसेल तर चूक झेलणारी ओळ काढून टाकायची आणि चूक उघडी पडू द्यायची, म्हणजे तिचं तोंड दिसतं. मी ओळ काढली. आणि तोंड दिसलं. व्हॅल्यूएरर नव्हती. टाइपएरर होती. 'वेळ दिलेली नाही.' माझी टेस्ट अजून नुसता आकडाच देत होती. प्रोग्रॅम शून्यापर्यंत पोहोचतच नव्हता, दारातच अडखळून पडत होता, आणि माझं ते दांडगं 'एक्सेप्शन' त्याला झेलून म्हणत होतं, आली चूक, पास.

पाइप टोपणापाशी फुटत होता. दिवाळीपासून. आणि टोपण मी वाकडं बसवलं होतं.

नव्यानं लिहिताना ती ओळ तुमच्याकडून राहिली, हे खरं. माणूस आहे, राहतं. असं राहिलं तर सापडावं म्हणून तर तुम्ही जळगावची शंकेखोर बाई नेमली होतीत. तिनं सांगितलं, हिरवं आहे. आणि तुम्ही, सगळ्या जगाला 'पुन्हा तपासा' म्हणणाऱ्या तुम्ही, तिच्यावर मात्र विश्वास ठेवलात. माझ्यावर आजवर कुणी असा विश्वास ठेवला नव्हता. ठेवू नये अशीच मी आहे, हे निखिलला विचारा. मग तुम्हालाच कशी शंका आली नाही? का आली होती, आणि साडीसारखीच पोटात ठेवलीत? हे मला आता कधी कळणार नाही. मला न कळलेलं सहन होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं, तरी गेलात.

मी उठून प्राजक्ताचं दार वाजवलं. सासूनं सुनेचं दार वाजवणं आमच्या घरात फारसं घडत नाही. म्हटलं, तुझ्या आईनं काही काढलं नव्हतं. तिच्याकडून राहिलं, आणि मी पकडायला हवं होतं ते पकडलं नाही. सगळं सांगितलं, टोपणासकट. साडीसुद्धा सांगून टाकली. साडीला ती हसली. रडून सुजलेले डोळे आणि हसते आहे. "ते भोक आईनं मला लग्नातच दाखवलं होतं," म्हणाली. "म्हणाली होती, सासू चांगली मिळाली आहे तुला, काहीही तशीच्या तशी मानत नाही."

मायलेकी दोघींनी मिळून मला एवढी वर्षं बनवलंत.

मग मी तिला म्हटलं, ती ओळ परत लिहायची आहे. मी लिहिणार नाही, टेस्ट लिहिणारीनं लिहायची नसते. तुझ्या आईची फाइल आता तू सांभाळ. तिनं शिकवलेलं तुला येतं, घरात नवरा-मुलीच्या तोंडाकडे बघत विसरली असशील तर पुन्हा शिक. ती म्हणाली, "आणि तुम्ही माझ्यावर संशय घेणार?" मी म्हटलं, रोज. ती म्हणाली, "आता कुठे घेत नाही!"

आधी मी टेस्ट नीट केली. आकडा दिला, वेळ दिली, आणि एक्सेप्शन खोडून तुम्ही सांगितलं होतं तसं नाव घालून लिहिलं, व्हॅल्यूएरर. चालवली. लाल. इतकं समाधान देणारं लाल मी कधी पाहिलं नव्हतं. खरी खोट खऱ्या जागी दिसत होती. मग लॅपटॉप प्राजक्ताकडे सरकवला. तिनं तुमची फाइल उघडली आणि ओळ लिहिली. मग बोटं थांबवून मला विचारलं, "वाक्य काय होतं आईचं?"

मी सांगितलं. शब्द न शब्द पाठ होता. जे वाक्य ऐकायचं नाही म्हणून मी भांडले होते, ते.

आणि मग माझ्या टेस्टमध्ये मी ते वाक्यसुद्धा घातलं. नुसती चूक येऊन आता भागणार नाही, तुमचे शब्द आले पाहिजेत, एक अक्षर कमी चालणार नाही. तुम्ही म्हणाला होतात तस्सं. घ्या, जिंकलात. आखाजी वर्षातून एकदा येते. ही टेस्ट मी रोज सकाळी चहाच्या आधी चालवते. रोज शून्य घालते आणि रोज तुम्ही मला 'तू' म्हणून दटावता. 'आधी हात धू, मग विचार.' हिरवं येतं.

हिरव्यावर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. म्हणून तुमच्या फाइलीची एक नक्कल करून ठेवली आहे, सूत आधी काढून घ्यायचं असतं. त्या नकलेतून मी तुमचं वाक्य खोडते आणि टेस्ट पुन्हा चालवते. लाल येतं. तुम्ही दटावलं नाहीत, की लगेच लाल.

काल प्राजक्ता मागं उभी होती, मला कळलं नाही. म्हणाली, "आई, काल पाहिलंत ना? परवाही पाहिलंत. रोज लालच येणार."

मी म्हटलं, "असू दे गं. उद्या पुन्हा बघते."